आळीची पानं

१८ फेब्रुवारी २००१, रविवार

सकाळी टँकर उशिरा आला. पाणी भरलं. दुपारी वरण-भात. चारच्या सुमारास जनगणनेच्या बाई आल्या.

तरुण आहेत. नाव रुचिता. शाळेत शिकवतात, रविवारी हे काम. उन्हातून आल्या होत्या म्हणून आधी पाणी दिलं. "घरात माणसं किती?" "एक," म्हणालो. हा शब्द तोंडाने पहिल्यांदाच म्हणालो असेन. त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं, आणि पुढचा प्रश्न विचारला. बरं वाटलं. सांत्वन केलं असतं तर मला काय बोलायचं ते सुचलं नसतं.

जन्म सोलापूर. इथे विरारला किती वर्षं? एकोणीस. येण्याचं कारण?

"नोकरी लिहू ना, काका?"

"लग्न लिहा."

त्या हसल्या. "अहो, ते बायकांचं कारण असतं! पुरुषांचं नोकरी."

"नोकरी बांद्र्याला होती. तिथून जवळ राहायला दुसरं काहीही मिळालं असतं. बायकोला माहेराजवळ राहायचं होतं, म्हणून इथे आलो."

त्यांनी लग्न लिहिलं.

जाताना दारात चपला घालत होत्या तेव्हा मी विचारलं — "तुमच्या गावची वस्ती किती?" हा प्रश्न माझा नव्हे. विमलाचा. ती जिथे जाईल तिथे विचारायची आणि मी लाजून दुसरीकडे बघायचो. आज माझ्याच तोंडून निघाला.

"आमचं? अगदी लहान हो. मोखाड्याच्या पुढे. एस.टी. आत येत नाही, फाट्यावर सोडते. दीडशे असतील." मग जिन्याकडे बघून म्हणाल्या, "आमचं अख्खं गाव तुमच्या या एका जिन्यात मावेल, काका."


१९ फेब्रुवारी

आज कोणाशीच बोललो नाही. दूधवाला पिशवी लटकवून गेला.


२१ फेब्रुवारी

महाशिवरात्र. साबुदाणा भिजवला तो चिकट झाला.

रुचिताबाईंशी बोलल्यापासून विमलाचा तो नाद सारखा आठवतो. लिहून ठेवतो.

कचेरीत माझ्या समोरच्या टेबलावर ती आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं होतं — "तुमचं गाव कुठलं? वस्ती किती?" मी जरा ताठ्यानेच म्हणालो, सोलापूर, चार लाख. तेव्हा तेवढीच होती. ती म्हणाली, "अगंबाई! मग तुम्हाला घरी जाताना किती लोकांना हाका माराव्या लागत असतील!" मला कळेना ही चेष्टा करते की काय. मी म्हणालो, एकालाही नाही. "मग कसलं गाव?"

तिचं गाव म्हणजे पारआळी. आगाशीच्या अलीकडे, केळीच्या वाड्यांमधली एक आळी. वस्ती किती? "एकशे बेचाळीस पानं!" मला वाटलं झाडाची पानं. तर जेवणाची पानं. आळीत जेवण असलं की आदल्या दिवशी मुली कोयत्या घेऊन वाडीत जात आणि माणसागणिक केळीचं पान कापत. त्यामुळे तिला आळीची वस्ती तोंडपाठ. कोणी मेलं की एक पान कमी, कोणाकडे पाळणा हलला की दोन वर्षांनी एक जास्त. "तान्ह्याला पान कुठलं! जेवायला लागलं की वस्तीत."

पाहुण्यांची पानं वेगळी मोजत. माहेरवाशिणीसुद्धा पाहुण्यांत. पण लग्न झाल्यावर विमला अडून बसली — "मला पाहुण्यांत धरलंत तर मी जेवणार नाही." तिचा भाऊ गंगाराम म्हणाला, "बरं बाई, तू आळीत. पण तुझा नवरा पाहुण्यांत." त्यावर तिचं काही म्हणणं नव्हतं!


२२ फेब्रुवारी

काल लिहिताना एक राहिलं. सोलापूर सहा लाखांवर गेलं तेव्हा मी तिला पेपर दाखवला. ती म्हणाली, "त्यातले तुम्हाला ओळखणारे किती?" मी बोटं मोजली. वीस-पंचवीस. "मग तुमच्या गावची वस्ती वीस-पंचवीस. माझी एकशे साठ. या बसा, लहान गावचे पाहुणे!"


४ मार्च, रविवार

रमेशचा फोन. माझा धाकटा भाऊ. जुळे सोलापूरला त्याने मोठं घर बांधलं आहे, वरचा मजला रिकामा. "दादा, तिथे एकटा काय करतोस? तुझं कोण आहे तिथे? इकडे ये. आपलं गाव आहे."

त्याचं खोटं नाही. मूल नाही आम्हाला. बिल्डिंगमध्ये सगळे चांगले आहेत, पण सकाळी पाचला जातात आणि रात्री नऊला येतात. मी बोलका नाही. ओळखी सगळ्या विमलाच्या. भाजीवाली अजून विचारते, "ताई कुठं हाय?" मी दोनदा सांगितलं आहे. तिसऱ्यांदा "बरी आहे" म्हणून आलो.

रमेशला म्हणालो, बघतो.


९ मार्च

होळी. खालच्या मुलांनी लाकडं मागितली. जुनी खुर्ची दिली.


११ मार्च

दवाखान्यातले दिवस आठवले आज. कारण काही नाही, फक्त मोसंबी सोलत होतो.

शेवटच्या आठवड्यातसुद्धा तिचं चालूच होतं. केरळची नर्स होती — "सिस्टर, आपका गाव में कितना लोग?" सिस्टर म्हणाली, एक चर्च, दोन दुकान, एक नदी. विमला खूश. "बघा, हिला कळतं गाव कसं सांगायचं."

एक दिवस मी गेलो तर म्हणते, "आज वॉर्डाची वस्ती एकोणीस. काल वीस होती." माझा चेहरा पडला. "अहो, तो कोपऱ्यातला गुजराती काका घरी गेला! तुम्ही लगेच नको ते समजता."

तेच खरं. मी नेहमी नको ते समजतो असं ती म्हणायची. कोणी रस्त्यात बोललं नाही की मला वाटतं रागावला. "तुम्ही विचारत का नाही हो? विचारलं तर काय जीभ झडेल?"


२७ मार्च

पाडवा काल झाला. गुढी उभारली नाही.

पेपरात मोठ्या अक्षरात — देशाची लोकसंख्या शंभर कोटींच्या पुढे. दोन्ही पानं वाचली. शहरांचे आकडे अजून यायचे आहेत. विरार लाखाच्या वर गेलं असणार असं खालचे वॉचमन म्हणत होते. आम्ही आलो तेव्हा चंदनसारच्या रस्त्याला संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. विमला नवी बिल्डिंग उठली की म्हणायची, "चला, आणखी एक आळी आली!" आणि पहिल्या आठवड्यात जाऊन त्यांचं गाव विचारून यायची.

पेपर कोणाला वाचून दाखवावा असं वाटलं. घडी करून ठेवला.


१ एप्रिल, रविवार

गंगाराम आला होता. केळी, अळू, दोन नारळ. साठी उलटली तरी सायकलने आगाशीहून येतो! घटकाभर बसला. वाडीत पाणी खारं होत चाललंय म्हणाला. नवा मोटरपंप. त्याच्या बायकोचे, आशालतावहिनींचे गुडघे. मी हूं हूं करत होतो. माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे.

येत्या रविवारी हनुमान जयंती. आळीचं जेवण. दर वर्षी आधीच्या रविवारी तो येतो आणि उठता उठता विचारतो — "भावोजी, तुमचं पान धरतो ना?" मी म्हणतो, धरा. अठ्ठावीस वर्षं. नेहमीचं आहे, पण विचारतो.

आज उठला, सायकलची किल्ली शोधली, म्हणाला, "रविवारी लवकर या." आणि गेला.

पानाचं विचारलं नाही.


२ एप्रिल

विसरला असेल. किंवा "या" म्हणाला तेच आमंत्रण. पण मग इतकी वर्षं का विचारत होता?

बहीण गेली. आता जावई कसला नि काय. त्याचंही चुकत नाही.


८ एप्रिल, रविवार

जाऊ की नको करत गेलो. विमलाला आवडलं असतं म्हणून गेलो. पांढरा सदरा घातला.

साडेअकराला आळीत पोचलो. मारुतीच्या देवळासमोर मांडव. दर वर्षी मी दिसलो की गंगाराम हातातलं काम टाकून येतो, दंडाला धरतो आणि पहिल्या पंगतीत देवळाच्या भिंतीकडचा पाट देतो. जावयाचा पाट. समोर रांगोळी, पानाशेजारी आंब्याची फोड जास्त. मला संकोच वाटायचा. विमला लांबून बघून हसायची.

आज गंगाराम बादली घेऊन घाईत शेजारून गेला. म्हणाला, "आलात? जरा ते पाट उचला हो तिकडचे." मी पाट उचलले. मांडले. कोणीतरी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. पहिली पंगत बसली. देवळाच्या भिंतीकडे कुठला तरी नवा जावई, वसईचा. त्याच्या पानासमोर रांगोळी. मी त्याला पाणी वाढलं.

"बसा, बसा, पाहुणे, बसा!" सगळीकडे चाललेलं. मला कोणी म्हणालं नाही.

दुसरी पंगत. तेव्हाही नाही. मीठ वाढा, म्हणाले. मीठ वाढलं. आळीची माणसं आपापसात त्यांच्या बोलीत बोलतात, ती मला निम्मी कळते. माझ्याशी मात्र नेहमी पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायचे. आज मला बोलीतच हुकूम सुटत होते. एवढंही राहिलं नाही, असं वाटलं. ऊन फार. भूक लागली होती, पण भुकेचं काही नाही.

दुसरी पंगत उठली तेव्हा तांब्या नळाशी ठेवला आणि निघालो. ओट्यावर काकी बसली होती, विमलाची चुलती, नव्वदीची असेल. तिने हाक मारली — "कटे साललास रे?" मी म्हणालो, आलोच.

एस.टी.ने विरारला आलो. स्टेशनाबाहेर वडापाव खाल्ला.


९ एप्रिल

रमेशला फोन केला. येतो म्हणून सांगितलं.


१२ एप्रिल

सोलापूरचं तिकीट काढलं. पंचवीस तारीख, रात्रीची गाडी. रमेश आनंदला. त्याच्या बायकोने वरच्या मजल्याला रंग काढायला घेतला म्हणे. पुतण्याने फोनवर विचारलं, "मोठे काका, टीव्ही तिकडून आणणार का इकडचाच चालेल?" गोड मुलगा आहे. तिथे काही कमी पडणार नाही. जागेचं काय करायचं ते नंतर.

विमलाच्या साड्या कपाटातून काढल्या. परत ठेवल्या.


१४ एप्रिल

रात्री नव्या टूथपेस्टचं झाकण उघडेना तेव्हा रडू आलं. कशाने येईल सांगता येत नाही. ती असती तर तिलाही उघडलं नसतं. शेजारच्या जिन्यातल्या कोणाकडे तरी घेऊन गेली असती आणि अर्ध्या तासाने त्यांच्या गावची वस्ती घेऊन परत आली असती!


१५ एप्रिल, रविवार

आशालतावहिनी आल्या. एकट्याच, रिक्षाने, ते गुडघे घेऊन तीन जिने चढून. धापा टाकत होत्या. पाणी प्यायच्या आधीच सुरुवात.

"भावोजी, तुम्हाला काय म्हणावं! जेवणाच्या दिवशी उपाशी निघून गेलात?"

मी म्हणालो, बरं वाटत नव्हतं.

"खोटं. स्टेशनाबाहेर वडा खाताना आमच्या शेजारच्या बाईंनी बघितलंय."

विरारमध्ये लाख माणसं आहेत म्हणतात. वडा खाताना बघणारं एक निघतंच.

मग म्हटलं, विमलासारखं एकदा विचारून बघू. जड गेलं. म्हणालो, "गंगारामने या वर्षी पानाचं विचारलं नाही. बसाही कोणी म्हणालं नाही. मला वाटलं, आता संबंध…"

वहिनींनी कपाळाला हात लावला.

"विचारलं नाही? अहो, पाहुण्यांना विचारतात! ह्यांना कोणी विचारतं का, तुमचं पान धरू म्हणून? काकीला विचारतं? मला चाळीस वर्षांत कोणी 'बसा' म्हटलेलं नाही! आळीची माणसं वाढतात आणि शेवटच्या पंगतीला बसतात. तुम्हाला एवढं ठाऊक नाही? इतकी वर्षं काय बघत होतात?"

खरं म्हणजे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या पंगतीत जेवून मी देवळामागे चटईवर आडवा व्हायचो. जावयाला चटईसुद्धा देत. शेवटची पंगत मी कधी पाहिलीच नाही. विमला त्या पंगतीला बसायची, आणि घरी येताना मी विचारायचो, काय काय वाढलं गं तुला? ती म्हणायची, "जे उरलं ते."

वहिनी बोलतच होत्या. "ती होती तोवर तुम्ही जावई. मान होता, तो तिच्यासाठी. आता ती नाही. मग तुम्हाला काय पुन्हा पाहुणा म्हणून लांब बसवायचं? हे म्हणाले, भावोजींचं पान आता आपल्यात. काकीने स्वतः मोजून घेतलं. आणि शेवटची पंगत बसली तर एक पान रिकामं! आमच्यात पान उरू देत नाहीत. काकी हात धुऊन बसून राहिली. 'विमलाचा माणूस उपाशी गेला.' तिने नुसतं ताक घेतलं. नव्वद वर्षांची बाई!"

मी चहा केला. साखर घालायची राहिली. वहिनींनी तसाच प्यायला आणि म्हणाल्या, "हा असा चहा विमला रोज प्यायची?"

जाताना दाराजवळ बांधलेली ट्रंक दिसली. "ही कसली?" सोलापूरला जातोय, म्हणालो. पंचवीसला.

वहिनींनी एकदा ट्रंकेकडे पाहिलं. मग जिन्याचा कठडा धरला. "अक्षय्य तृतीयेला बाजूच्या घरी लग्न आहे. सव्वीसला. तुम्हाला कोणी विचारायला येणार नाही, सांगून ठेवते." आणि एकेक पायरी उतरत गेल्या.


१९ एप्रिल

वसईला जुन्या कचेरीतल्या व्हॅलेरियनला भेटून आलो. त्यालाही विचारलं वस्तीचं. त्याने आपल्या चर्चच्या पॅरिशमधल्या घरांचा आकडा सांगितला आणि म्हणाला, "यू टू, प्रल्हाद? विमलाताईची सवय लागली तुला!"


२२ एप्रिल

रमेशचा फोन. रंग वाळला. पोपटी दिलाय. मी म्हणालो, छान.

झोप नाही. सोलापूरला मला ओळखणारी जी वीस-पंचवीस होती त्यांची नावं मनात घेऊन बघितली. रमेशच्या घरचे धरून आठ झाली. बाकीची गेली, किंवा पेठ सोडून गेली. इकडे किती, ते मोजायचा प्रयत्न केला. दूधवाला धरायचा की नाही?


२४ एप्रिल

संध्याकाळी काकीकडे जाऊन आलो. कोणाला सांगितलं नव्हतं. ओट्यावर बसली होती. मी पाया पडलो. तिने डोक्यावर हात ठेवला आणि त्यांच्या बोलीत पुष्कळ बोलली. रागावत होती एवढं समजलं. शेवटी म्हणाली, "जेवलास?" हो म्हणालो तरी तिने आतून भाकरी आणवली.


२६ एप्रिल, गुरुवार

आळीत लग्न. सोलापूरची गाडी काल रात्री माझ्याविना गेली. सकाळी सहापासून वाढप्यांत होतो. चार पंगती झाल्या. गंगाराम ओरडला, "प्रल्हाद, भात आण, भात!" आजवर त्याने मला नावाने हाक मारली नव्हती.

पाचव्या पंगतीला बसलो. आमटी संपली होती, भाजीही. माझ्या पानावर भात, मीठ, ताक. कोणीही "अरे, तुम्हाला राहिलं" म्हणालं नाही. काकी समोर बसून जेवत होती.

घरी आलो. आमटी मिळाली नाही, पण सदऱ्यावर तिचे डाग भरपूर. साबण लावून चोळले. जरा पिवळं राहिलंच. पिळून दोरीवर टाकला.